फुटेल की टिकेल? मिरजेच्या कारखान्यातल्या नऊ फोटोंची गोष्ट

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षातलं. पुण्यातल्या एका संस्थेत छायाचित्रणाच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला मी शिकवतो. ज्या विद्यार्थिनीची ही गोष्ट, तिला इथे मुक्ता म्हणू. नाव बदललेलं आहे, आणि कारखाना ओळखू येईल असे तपशील गाळलेत. लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं होतं. तिनं दोन ठिकाणी खोडलं, ते खोडलेलंच ठेवलंय.

मुक्ता मिरजेची. लहानपणी तीन-चार वर्षं गाणं शिकली, मग दहावीच्या क्लासेसमध्ये ते सुटलं, पण घरात तानपुरा राहिला. त्याची जवारी काढून आणायची, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी घासून गुंजन नीट करून आणायची वेळ आली की वडील स्कूटरवर तो पुढे आडवा धरायचे आणि ही मागे बसून सतारमेकर गल्लीत जायची. तिथले एक कारागीर, ज्यांना ती चाचा म्हणते, त्यांच्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा हे तिनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

मिरजेत सतारी-तानपुरे बनवायचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलंय. मूळची शिकलगार घराणी, म्हणजे हत्यारांना धार लावणारी, या कामात शिरली आणि सतारमेकर झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. त्यामुळे विषय चालू होता, पोरीची तिथे ओळख होती, काम दिसायला देखणं होतं. मला वाटलं, या मुलीची काळजी नको.

अडचण

ऑगस्टअखेर तिनं चाळीसेक फोटो आणले. दारातून येणारा उन्हाचा पट्टा आणि त्यात तरंगणारा लाकडाचा भुसा. भिंतीला टांगलेल्या भोपळ्यांची रांग. दांडीवरच्या नक्षीचा जवळून घेतलेला फोटो. तारेवर टेकलेलं सुरकुतलेलं बोट. मला आवडले होते, हे कबूल करायला हवं.

सप्टेंबरच्या आढाव्याला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी ते टेबलावर पसरले, दोन मिनिटं पाहिले आणि म्हणाल्या, "छान आहेत. पण मला यातल्या एकावरही थांबावंसं वाटलं नाही, आणि पुढचा बघायची घाईही झाली नाही."

मुक्ता रडली नाही. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन तिनं विचारलं, "सर, नेमकं काय कमी आहे?" मी म्हणालो, "थोडा सस्पेन्स आण." हे उत्तर नव्हतं. आठवड्यानं तिनं जे आणलं ते बघून ते मला कळलं: अर्धा चेहरा काळोखात, दाराआडून डोकावणारा हात, जमिनीवर लांब पडलेली करवतीची सावली. चाचांच्या कारखान्यात कुणाचा तरी खून झालाय असं वाटत होतं. तानपुऱ्याचा त्यात काही संबंध उरला नव्हता.

खरी अडचण काय होती ते दोघांनी पुन्हा जुने चाळीस फोटो बघताना सापडलं. त्या प्रत्येक फोटोत काम एक तर झालेलं होतं, नाही तर होणारच होतं. बिघडण्याची शक्यता कुठेच नव्हती.

वर्गात काय दाखवलं

व्हिडिओ कलाकार बिल व्हायोला जुलै २०२४ मध्ये गेला, तेव्हापासून त्याचं काम वर्गाला दाखवू-दाखवू म्हणत राहून गेलं होतं. ऑक्टोबरच्या एका शनिवारी पडदे ओढून तीन गोष्टी लावल्या.

पहिली 'द रिफ्लेक्टिंग पूल', १९७७ ते ७९ मधली, सात मिनिटांची. कॅमेरा हलत नाही. रानातला एक हौद, मागे झाडी. झाडीतून एक माणूस येतो, काठावर उभा राहतो, उडी मारतो आणि हवेतच, अंगाचं मुटकुळं केलेल्या अवस्थेत, थिजतो. तो थिजतो, पण पाणी थिजत नाही. पाण्यावर तरंग उठतात, काठावर नसलेल्या माणसांची प्रतिबिंबं येतात-जातात. बऱ्याच वेळानं लक्षात येतं की हवेतला माणूस विरत चाललाय. कॅमेरा एका जागी घट्ट ठेवून वेगवेगळ्या वेळी केलेलं चित्रण एकाच चौकटीत जोडलंय. युक्ती समजली तरी परिणाम कमी होत नाही. अंगाला माहीत असतं की उडी मारलेला माणूस पडतो, आणि ते पडणं व्हायोला आपल्याला देत नाही.

दुसरी, '२४ अवर सायको'बद्दल मी फक्त बोललो आणि दोन-चार मिनिटांचा तुकडा दाखवला. डग्लस गॉर्डन या कलाकारानं १९९३ मध्ये हिचकॉकचा 'सायको' हा १०९ मिनिटांचा चित्रपट ताणून २४ तासांचा केला, सेकंदाला साधारण दोन चौकटी. न्हाणीघरातला खुनाचा तो प्रसंग जगाला पाठ आहे. तरी लोक थांबतात, कारण सुरीचा हात वर जाताना दिसतो आणि खाली यायला युग लागतं. (जाता जाता: व्हायोलाच्याच १९९५ च्या 'द ग्रीटिंग'मध्ये ४५ सेकंदांचा प्रसंग सेकंदाला ३०० चौकटींनी चित्रित करून सुमारे दहा मिनिटांवर नेलाय. दोघांचाही हिशेब मांडला तर वेग जवळपास तेरापटच कमी होतो. यात काही गूढ आहे असं मी म्हणत नाही, पण फळ्यावर हे गणित मांडलं तेव्हा मागच्या बाकावरचे दोघं पहिल्यांदा वर बघू लागले.)

तिसरी, पीटर फिश्ली आणि डेव्हिड वाइस या स्विस जोडीची १९८७ ची 'द वे थिंग्ज गो'. खरं तर ती सोळा मिलिमीटर फिल्म आहे, पण व्हिडिओ आर्ट शिकवताना सगळेच दाखवतात. गोदामात एकामागोमाग एक वस्तू ढकलल्या जातात, अर्धा तास. सुरुवातीला एक काळी पिशवी पीळ उलगडत गोल गोल फिरते आणि हळूहळू खाली येत टायरला टेकते. तो टायर हलायला किती वेळ लागतो! पुढे शिड्या चालतात, किटल्या उसळतात, फेस पसरतो, वाती जळतात. आमची पोरं हसत होती, आणि मध्येच एकदम चिडीचूप होत होती.

मुक्तानं त्या दिवशी वहीत दोन ओळी लिहिल्या. मी त्या नंतर पाहिल्या. "माणूस हवेत होता तोवर मी पाण्याकडे बघत होते." आणि खाली: "टायर पडणार नाही असं आधी एकदा वाटलं, म्हणून नंतर प्रत्येक वेळी भीती वाटली." सगळं प्रकरण पुढे या दुसऱ्या ओळीवर फिरलं. तेव्हा ते ना तिला कळलं होतं, ना मला.

समोर आलेले पर्याय

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही तासभर बसलो. तिच्या मनात पहिली गोष्ट होती ती सरळ व्हिडिओच करायचा. मीही त्याच बाजूचा होतो, कारण वेळ ताणायचा तर वेळ हातात असलेलं माध्यम बरं. पण पदविका छायाचित्रणाची, परीक्षा छायाचित्रांची, आणि तिच्याकडे माइक नव्हता. मिरजेच्या त्या गल्लीत दुपारी रिक्षा, बांग आणि शेजारचा ग्राइंडर हे सगळं एका वेळी ऐकू येतं.

दुसरा पर्याय होता लांब शटरचा, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवायचं: व्हायोलासारखं, एक गोष्ट स्थिर आणि बाकीचं वाहतं. तिसरा अगदी उलट, वेगाचा: भोपळा तडकतो किंवा तार तुटते तो नेमका क्षण पकडायचा. चौथा म्हणजे विषयच सोडून पुण्यात काहीतरी नवीन शोधायचं. तो तिनं बोलून दाखवला आणि लगेच मागे घेतला.

आजूबाजूला उदाहरण होतं का? चित्रकार रणबीर कालेकांचं 'मॅन थ्रेडिंग नीडल', १९९८-९९ मधलं, मी तिला सुचवलं. ईझलवर, म्हणजे चित्रकाराच्या तिकाटण्यावर, ठेवलेलं तैलचित्र आणि त्याच्यावरच प्रक्षेपित केलेला व्हिडिओ. सुईत दोरा ओवणारा माणूस, बस. इंटरनेटवर मिळालेलं छोटंसं चित्रण तिनं चारदा पाहिलं. "यात काही घडत नाही सर, पण माझेच डोळे बारीक झाले," म्हणाली. आपल्या घरात आजी सुई ओवताना आपण श्वास धरतो, तेच.

काय केलं, आणि कुठे अडलं

पहिल्या खेपेला ती लांब शटरवर गेली. तिपाई, आठ सेकंद, तीस सेकंद. चाचा वितळलेल्या मेणासारखे दिसायला लागले आणि भोपळे तेवढे लख्ख. दोन फोटो सुंदर होते. पण व्हायोलाचा माणूस थिजतो तेव्हा त्याला पडायचं असतं. चाचांचे भोपळे नुसते ठेवलेले होते. स्थिर असलेल्या गोष्टीला काही धोका नसेल तर बाकीचं कितीही वाहू दे, बघणारा निवांत राहतो. हे सगळे फोटो तिनं बाजूला काढले.

दुसऱ्या खेपेला मित्राचा कॅमेरा नेला, सेकंदाला वीस फोटो काढणारा. इथे थोडं कामाबद्दल सांगायला लागेल. तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर भागातून येतो, वाळलेला, आतून कडू. तो पाण्यात भिजत ठेवतात, वरचा भाग कापतात, आतला गर साफ करतात, आणि मग ओल्या तोंडात आडव्या काठ्या घालून तो हवा तेवढा ताणतात. ताणला तर आकार येतो. जास्त ताणला तर चीर जाते आणि आधीची सगळी मेहनत वाया. पुढे तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी) बसवायची तेव्हा, मग घोडी (तारा टेकतात ती पट्टी) घासायची तेव्हा, मग तार चढवायची तेव्हा, प्रत्येक पायरीला हीच धाकधूक.

मुक्ता सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत कॅमेरा डोळ्याला लावून त्या भोपळ्यासमोर उकिडवी बसली. काठी सरकली की बटण दाबायची. बाराशेच्या वर फोटो झाले, भोपळा शाबूत. चहा आला तेव्हा चाचा सहज म्हणाले, "काय गं पोरी, फुटायची वाट बघाय लागलीस व्हय?"

तिनं मला त्या रात्री फोन केला तेव्हा तिचा आवाज उतरला होता. "सर, मी खरंच वाट बघत होते."

निर्णयाचा क्षण

या फोनवर मी जे बोललो ते फारसं उपयोगाचं नव्हतं. मी म्हणालो, फोटोग्राफरला असं होतंच. तिला ते पटलं नाही, आणि बरं झालं. तिनं मित्राचा कॅमेरा परत केला आणि दोन दिवस कारखान्यात नुसती बसली.

त्या दोन दिवसांत तिला दोन गोष्टी दिसल्या. एक, काठी सरकवताना चाचा भोपळ्याकडे बघत नाहीत. कान लावतात. तडकण्याआधी आवाज बदलतो म्हणे. दुसरी, कारखान्याच्या मागच्या परड्यात फुटलेले भोपळे पडलेले असतात, एकात पावसाचं नाही तर नळाचं पाणी साठलेलं, त्यात चिमण्या येतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला: "फुटलेला आधी दाखवायचा."

एवढंच. पण त्यात सगळं होतं. पुण्याच्या प्रेक्षकाला भोपळा फुटू शकतो हेच माहीत नाही. मग काठ्या घातलेला भोपळा त्याला शोभेची वस्तू वाटणारच. फिश्ली-वाइस अर्ध्या तासात आपल्याला शिकवत नेतात की टायर अडकू शकतो, वात विझू शकते. फोटोला तो अर्धा तास मिळत नाही, पण मालिकेला पहिला फोटो मिळतो. एकदा फुटलेला पाहिला की पुढचा प्रत्येक भोपळा फुटायच्या बेतात दिसतो. आणि त्यासाठी कुणाच्या नुकसानाची वाट बघत बसायला नको. नुकसान परड्यात होतंच, जुनं.

दुसरा निर्णय शेवटाबद्दल होता आणि त्यावर आमचं वाजलं. माझं म्हणणं, शेवटी एक रिकामी चौकट लावू, म्हणजे पुढे काय झालं ते बघणाऱ्यानं भरावं. ती म्हणाली, "ते तुमचं आहे सर, चाचांचं नाही. त्यांच्याकडे काही रिकामं नसतं." मी दोन दिवस रुसलो. तिचं बरोबर होतं.

शेवटी काय लागलं

जानेवारीत नऊ फोटो ठरले. पहिला परड्यातला: चिरेतून झिरपत अर्धं राहिलेलं पाणी, त्यात आभाळाचा तुकडा. दुसरा हौदातला, वर दगड ठेवून बुडवलेला भोपळा, पाण्याला एकही तरंग नाही.

तिसऱ्यावर मी थोडा थांबतो, कारण मालिका तिथे उभी राहते. भोपळ्याचं तोंड आपल्याकडे. आत तीन काठ्या, चौथी अर्धी आत. चाचांचा अंगठा तिच्या टोकावर, नखाखालचं रक्त सरकून नख पांढरं पडलेलं. डोकं डावीकडे झुकलेलं, कान भोपळ्याच्या सालीपासून वीतभर. डोळे मिटलेले नाहीत, पण कशाकडेच बघत नाहीत. मागे, थोडा धूसर, हाताखालचा पोरगा: चहाचा कप तोंडापर्यंत आणलाय आणि तिथेच थांबलाय. पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स, साठांश सेकंद, ट्यूबलाइटचा उजेड. ऑगस्टातल्या उन्हाच्या पट्ट्याचा इथे पत्ता नाही. बघताना माझी नजर चाचांवरून पोराच्या कपाकडे जाते आणि परत येते. हवेतला माणूस आणि हौदातलं पाणी आठवतात, पण तिनं कुठेही नक्कल केलेली नाही.

मधले चार जवारीचे आहेत. घोडीवर कानस एकदा जरी जास्त फिरली की सूर बिघडतो, असं चाचा म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत गुंजन उघडेपर्यंत थांबायचं. या चार फोटोंबद्दल मी अजून साशंक आहे. ज्यानं तानपुरा जवळून ऐकलेला नाही, त्याला काय पणाला लागलंय ते यातून कळत नाही. आवाजाचा धोका फोटोत येत नाही, निदान इथे आला नाही.

आठवा आणि नववा खुंटीचे. नव्या तारेला पीळ देताना कारागीर तोंड बाजूला फिरवतो, तुटली तर डोळ्याला लागू नये म्हणून. शेवटच्या फोटोत हात खुंटीवर, तार प्रकाशात एक पांढरी रेघ, आणि चाचांचा चेहरा आपल्यापासून पूर्ण वळलेला. आपण मात्र तारेकडेच बघत उभे.

निष्पत्ती

एप्रिलमध्ये संस्थेच्या कॉरिडॉरमध्ये प्रदर्शन लागलं. त्याच परीक्षक बाई आल्या. तिसऱ्या फोटोपाशी थांबल्या, मागे जाऊन पहिला पुन्हा पाहिला. गुण चांगले मिळाले, पहिला नंबर नाही. एका परीक्षकाचा आक्षेप होता की वाद्य कसं बनतं हे यातून समजत नाही, आणि तो खराच आहे. एका काकूंनी मुक्ताला थेट विचारलं, "मग फुटला का तो?" तिनं सांगितलं नाही. काकू जरा चिडल्या.

चाचा नातवाला घेऊन सकाळच्या गाडीनं आले होते. पहिल्या फोटोपाशी ते बराच वेळ उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "फुटलेला पहिलाच कशाला गं लावलास?" गिऱ्हाईक बघेल ही त्यांची काळजी होती. मुक्तानं समजावलं. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

आज करायचं झालं तर

पहिला फोटो भिंतीवर जाण्याआधी चाचांना दाखवायला हवा होता. आम्ही कारखान्यात फोटो काढायची परवानगी घेतली, फोटो कुठल्या क्रमानं लागणार हे विचारलं नाही. क्रमानंच अर्थ बदलतो, हे वर्षभर वर्गात बोलून झाल्यावर ही चूक जास्त लागते.

'सस्पेन्स आण' असं मी पुन्हा कुणाला म्हणणार नाही. त्याऐवजी विचारेन: इथे काय बिघडू शकतं, ते कुणाला माहीत आहे, आणि बघणाऱ्याला ते कुठल्या फोटोत कळतं? मुक्ताला या तीन प्रश्नांपर्यंत यायला तीन महिने आणि मिरजेच्या पाच खेपा लागल्या. त्यातल्या दोन तरी वाचल्या असत्या. बाकीच्या तीन वाचवायच्या नव्हत्याच, कारण कान लावणं बसून राहिल्याशिवाय दिसलं नसतं.

आणि व्हिडिओ दाखवताना पूर्ण दाखवायचा. त्या शनिवारी आमचा स्पीकर खरखरत होता म्हणून मी 'द रिफ्लेक्टिंग पूल' आवाज बंद करून लावला होता. पाण्याचा आवाज त्यात अर्धं काम करतो. मुक्ताला तो आवाज मिळाला असता तर जवारीचे चार फोटो वेगळे झाले असते का, असं मला राहून राहून वाटतं.

प्रदर्शन उतरवताना तिनं चाचांना विचारलं, कुठला फोटो हवा. त्यांनी नऊमधला एकही घेतला नाही. ऑगस्टमधला मागितला, उन्हाच्या पट्ट्यातला, तयार तानपुरा मांडीवर असलेला. आता तो दुकानात गल्ल्याच्या वर लावलाय.